छावणीतला कावळ्याचा घास

येऊरच्या छावणीत मी पहिल्यांदा जेवायला बसले, तेव्हा पानात काय वाढलंय ते बघायच्या आधीच मला नियम ऐकावा लागला. आणि तो सांगितला आचाऱ्याने. आमच्याकडे ठाण्याला आचारी यायचे ते सणासमारंभाला, आणि ते नियम सांगत नसत, ऐकत असत. त्यामुळे पहिल्या घासालाच माझं डोकं फिरलं. मी स्वभावाने तापट आहे हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको.

"बाय," आचारी म्हणाला, "पोटभर जेवा, दोनदा मागून घ्या. पन या रानान एक शीत भायेर टाकाचा नाय. पाखराला नाय, मुंगीला पन नाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून जेवत होते. छावणीत जेवताना बोलायचं नाही, हा दुसरा नियम मला नंतर कळला.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती. आमचे हे जंगलखात्यात होते आणि येऊरच्या डोंगरातल्या ज्या पट्ट्यात शिकारबंदी होती, तिथल्या जनावरांची पाहणी करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यासाठी दिवाळीनंतर डोंगरावर तंबू पडत आणि शिमग्याच्या सुमारास उठत. लग्नाला वर्ष झालं होतं, सासूबाई म्हणाल्या, जाऊन राहा चार महिने, म्हणून मी एक ट्रंक आणि एक कोळशाची शेगडी घेऊन बैलगाडीने वर गेले. माणसं मोजकीच होती. आम्ही दोघं, तीन रखवालदार, एक कारकून आणि हा आचारी. त्याला सगळे मामा म्हणत. मी आठ दिवस म्हटलं नाही, मग म्हणायला लागले, आणि मग 'तो'चे 'ते' कधी झाले ते मलाही कळलं नाही.

मामा माजिवड्याचे. साधारण पन्नाशीचे, काटक, पायांनी किंचित फेंगडे. लहानपणापासून मिठागरात राबलेले. खाऱ्या पाण्याने त्यांच्या तळपायांना अशा भेगा पडल्या होत्या की पाय टेकवताना ते आधी जमीन चाचपत. कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या गोवेकर खानसाम्याच्या हाताखाली लागले आणि मिठागरातून सुटले. साहेब गेला, खानसामा गेला, मामा राहिले. पण राहिले ते हंगामापुरते. दरवर्षी तंबू पडले की त्यांना बोलावणं यायचं आणि तंबू उठले की पुन्हा मिठागरात. अशी अकरा वर्षं झाली होती.

आता सांगते ते जेवणाचं. मी कल्याणच्या सुगरणीची मुलगी आहे, ठाण्याच्या सुगरणीची सून आहे, आणि कुणाच्या स्वयंपाकाला चटकन बरं म्हणायची मला सवय नाही. पण येऊरला जेवले तसं मी पुढे कुठेही जेवले नाही.

बेहड्याच्या मोठ्या झाडाखाली साहेबाच्या वेळचं घडीचं टेबल मांडलेलं असे. त्यावर पांढरी चादर. ती मामा स्वतः धूत आणि पेजेची खळ करून तिला अशी कडक करत की कोपरा बोटाला टोचावा. सगळे एकाच बाजूला बसायचे, शाळेत बसतात तसे, कारण समोर उतारावर पाणवठा होता. दुपारचं जेवण बाराला, आणि रात्रीचं रात्री नाहीच, ऊन कललं की. अंधार पडायच्या आत चूल विझलीच पाहिजे आणि वासाचं काही उरता कामा नये, असा मामांचा शिरस्ता. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी खोलगट बशीत टोमॅटोचं सार आणून ठेवलं, बाजूला चमचा, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सूप." ह्यांनीही तितक्याच गंभीरपणे ते चमच्याने संपवलं. मला हसू आवरेना. तेवढ्यात ह्यांनी माझ्या हाताला हळूच स्पर्श केला आणि समोर बघायची खूण केली. पाण्यावर दोन भेकरं आली होती. एक पीत होतं, एक आमच्याकडे बघत होतं. मी चमचा तसाच हातात धरून बसले. सार निवून गेलं आणि मी ते तसंच निवलेलं प्यायले.

त्यानंतर मी रोज पाहिलं. चितळं, मोर, एकदा लांबवर सांबर. जनावरं येत कारण छावणी म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. तिथे भीतीही नव्हती आणि खायलाही काही नव्हतं. हे मामांनी अकरा वर्षांत घडवून आणलेलं होतं, आणि निव्वळ स्वयंपाकाच्या जोरावर. चूल पेटवायच्या आधी ते सगळ्या तंबूंवरून एक फेरी मारत. "आज पोट काय म्हनतंय?" असं प्रत्येकाला विचारत, उत्तरापेक्षा तोंडाकडे बघत, आणि मग मुठीने तांदूळ घेत. पातेल्यात शीत उरत नसे आणि कुणी अर्धपोटी उठत नसे. मी ठाण्याला परतल्यावर वर्षभर हा प्रयोग करून पाहिला. मला साधला नाही. पत्रावळी चुलीत जात, भांडी राखेने घासून ते पाणी खोल खड्ड्यात, त्यावर माती. कोनफळाच्या काचऱ्या, वालाचं बिरडं, निखाऱ्यावर मडकं उपडं घालून केलेली शेंगांची पोपटी, चुलीतून काढल्या काढल्या पानात पडणारी तांदळाची भाकरी. आणि मासळी नाही. सुकटीच्या वासाने रान जागं होतं म्हणत. खाडीकाठी जन्मलेला माणूस, मासळीशिवाय घास उतरायचा नाही, पण चार महिने तोंड बंद. विचारलं तर हसून म्हणाले, "घरा गेलू का एकदमच खातंय."

या नियमाचं इतकं काय, हेही मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं की पूर्वी एका साहेबाच्या मड्डमेने माकडांना बिस्किटं घातली. माकडं आधी टेबलावर आली, मग खालच्या पाड्यावरच्या झोपड्यांत शिरून धान्य उपसायला लागली. पाड्यावरचे लोक तक्रार घेऊन आले, आणि त्याच साहेबाने एका सकाळी सगळी टोळी गोळ्या घालून पाडली. "घातला कोनी, मेला कोन," मामा म्हणाले आणि भाकरी थापायला लागले.

हे सगळं ऐकूनसवरूनही मी रोज एक घास बाहेर ठेवत होते.

आता हे कसं ते सांगायला हवं. त्याच वर्षी आषाढात माझे वडील गेले. रेल्वेत कारकून होते. घशाचं दुखणं, शेवटचा महिना त्यांना पाण्याखेरीज काही उतरलं नाही. मला भाऊ नाही. दिवस चुलतभावाने केले. वर्षभर रोज वडिलांच्या नावाने कावळ्याला घास ठेवायचं माझ्या मनात आलं, तर काका म्हणाले, ते मुलीचं काम नव्हे. मी त्यांच्याशी भांडले आणि दुसऱ्या दिवसापासून कुणालाही न विचारता सुरू केलं. ठाण्याच्या गच्चीत कावळे रांग लावून असत. छावणीत आल्यावर मी माझ्या शेगडीवर बाराच्या आधी पळीभर वरणभात स्वतः करायची, वर तूप, आणि तंबूच्या मागच्या सपाट दगडावर पानात ठेवून यायची. नियम मला माहीत होता. पण नियम टाकण्याबद्दल होता. मी टाकत नव्हते, वाढत होते. कावळ्याचा घास म्हणजे काही उष्टंखरकटं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं, आणि ज्या अर्थी समजावावं लागलं त्या अर्थी आत कुठेतरी ठाऊक होतं. ह्यांना सांगितलं नाही ते त्यामुळेच. वडील पावसाळ्यात गेले एवढं मात्र मामांना मी बोलता बोलता सांगितलं होतं.

आणि कावळा यायचा. प्रत्यक्ष कधी दिसला नाही, पण जेवून परत येईपर्यंत पान लख्ख. एक दिवस चुकला नाही. मी कल्याणला आईला पत्रात लिहिलं की इथला कावळा ठाण्याच्या कावळ्यांपेक्षा वक्तशीर आहे, बाबा जेवतात, काळजी करू नकोस. ते पत्र टाकल्यावर मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं होतं.

माघ लागला आणि छावणीत एकच विषय झाला. डोंगरावर खात्याचा बंगला बांधायचं ठरलं होतं आणि तिथे एक कायमचा आचारी नेमायचा होता. मोठे साहेब स्वतः जेवायला येऊन, छावणी पाहून, माणूस ठरवणार होते. त्यांच्याकडे त्यांच्या ओळखीतला दुसरा एक माणूस होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. मामा याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त एकदा भांडी घासताना मला म्हणाले, "बाय, आता मिठागरान पाय ठेववत नाय." एवढंच म्हणाले, पण त्या वाक्यानंतर छावणीतल्या प्रत्येकाला ती जागा मामांनाच मिळायला हवी होती, मला तर सगळ्यात जास्त.

साहेब यायच्या आधीच्या आठवड्यात मामांना हिवताप आला. चार दिवस ते घोंगडीत कुडकुडत पडून होते. एका रखवालदाराने कसंबसं रांधलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच माझा घास जेवण झाल्यावरही दगडावर तसाच दिसला. मी घाबरले. बाबा रागावले की काय, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र झाडावरून एक माकडीण उतरली, पोटाला पिल्लू, आणि तिने दोन्ही हातांनी भात खाल्ला. मला इतका आनंद झाला की चौथ्या दिवशी मी भातासोबत एक पोळीही ठेवली. त्या दिवशी पाच आली. ही माझी अक्कल.

पाचव्या दिवशी साहेब आले. मामा तापातून उठून पहाटेपासून चुलीशी होते. डोळे आत गेलेले, पण चादर नेहमीसारखी कडक. साहेब उंच, अबोल, कपाळाला गंध, जंगलात आयुष्य गेलेले गृहस्थ. बिरड्याचा पहिला घास घेतला आणि थांबले. परत घेतला. पोपटीच्या शेंगा सोलताना ह्यांना खुणेनेच आणखी मागितल्या. आवळ्याच्या चटणीला त्यांनी मान हलवली, आणि मामांच्या चेहऱ्यावरचा ताण मला उतरताना दिसला. मी तूप वाढत होते. त्या गडबडीत माझा दगडावरचा घास ठेवायचा राहून गेला होता.

माकडं तो मागायला आली. दगडावर काही नाही म्हणून तंबूला वळसा घालून सरळ पंगतीत आली. सगळ्यात मोठा नर टेबलावर बसला, साहेबांच्या समोरचं गोड घारग्यांचं ताट त्याने एका हाताने ओढलं आणि चादरीसकट सगळं खाली आलं. रखवालदार धावले. माकडं बेहड्यावर चढून घारगे खात बसली. पाणवठ्यावरची चितळं केव्हाच उधळली होती.

साहेबांचा आवाज चढला नाही. "या छावणीत जनावरांना खाण्याची चटक लागली आहे," ते म्हणाले. "एका दिवसात लागत नाही. हे स्वयंपाकघराचं काम." आणि त्यांनी मामांकडे पाहिलं.

"माझी चुकी, साहेब," मामा म्हणाले. "चार दिस पडून होतू."

एवढंच. मी तुपाचं भांडं घेऊन उभी. ह्यांच्या वरिष्ठांसमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती, आणि गप्प राहिले तर त्या माणसाचे पाय पुन्हा मिठात जाणार हेही समोर दिसत होतं. मी काही शूर नाही. मला फक्त राग आवरत नाही, आणि त्या वेळी तो माझा मलाच आला.

"त्यांची चूक नाही. घास मी ठेवते," मी म्हणाले. "माझ्या वडिलांच्या नावाचा. कावळ्याला."

हे माझ्याकडे बघतच राहिले. साहेबांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"रोज?"

"रोज. आल्यापासून."

"आल्यापासून म्हणजे तीन महिने झाले असतील," साहेब म्हणाले. "मग माकडं या चार दिवसांतच कशी आली? आणि कावळा? या उंचीवर, या रानात, मी तरी गावकावळा पाहिलेला नाही."

मामा जमिनीकडे बघत होते. शेवटी मागून एक रखवालदार म्हणाला, "मामा उचलत व्हते, साहेब. बाई जेवाया बसल्या का मागनं जाऊन रोज उचलत व्हते."

माझ्या कानांतून वाफा निघाल्यासारखं झालं. कावळा नव्हताच. तीन महिने मी एका रिकाम्या दगडाला हात जोडत होते, आणि आईला खोटं लिहून बसले होते. त्या क्षणी मला साहेबांचा नाही, माकडांचा नाही, मामांचा संताप आला.

"उचलून काय केलंत? पुरलंत?" साहेबांनी विचारलं.

मामा पुरला म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता, नियमच तसा होता.

"नाय साहेब. खाल्ला."

"खाल्ला?"

"बायचा बाप पावसान गेला. त्याच्या नावाचा अन्न. पुरला त कोनाला पोचल? कावला हितं नाय. मंग हात धुतला, दक्षिनेला तोंड करून बसलू, खाल्ला. पान चुलीन घातला."

साहेब उठले, हात धुतले, पंच्याला पुसत पाणवठ्याकडे वळले. मग ह्यांना म्हणाले, "घास ठेवला ते चूक. उचलला ते बरोबर. खाल्ला याबद्दल आपल्या नियमांत काही लिहिलेलं नाही." आणि जाताजाता, चपला घालताना, "बंगल्याची जागा यांना द्या. बाईंना उद्या घरी पोचवा."

मामा चुलीपाशी गेले आणि पातेल्यात उरलेला घारगा शोधू लागले, साहेबांना वाटेत द्यायला म्हणून. झाकण त्यांच्या हातून दोनदा पडलं.

संध्याकाळी तंबूत हे म्हणाले, "मला विचारलं असतंस तर?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"हो. म्हटलं असतं." मग म्हणाले, "मीच कधी विचारलं नाही, घास ठेवतेस का म्हणून." आणि माझी ट्रंक बांधायला लागले.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी दुपारनंतर निघायची होती. माकडांना पिटाळायला रखवालदार गोफणी घेऊन बसले होते. पंधरा दिवसांत विसरतील, असं मामा म्हणाले होते. बाराच्या आधी मी सवयीने शेगडी पेटवली, वरणभात केला, तूप घातलं, पानात वाढलं, आणि पान हातात घेऊन तंबूच्या दारात उभी राहिले. दगडाकडे जायची सोय उरली नव्हती. रात्रभर मी मामांवर चिडले होते आणि सकाळी उठले तेव्हा राग कुठे ठेवला ते सापडत नव्हतं. मी चुलीकडे गेले आणि पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी काही विचारलं नाही. हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, दक्षिणेला, डोंगराच्या कडेकडे वळून मांडी घातली. खाली खाडी चमकत होती आणि मिठागरांचे पांढरे चौकोन दिसत होते. ते सावकाश जेवले. प्रत्येक घास नीट चावून, गिळून. बोटं निपटली, पान बोटाने पुसून घेतलं. बाबा आजारी पडल्यापासून मी त्यांच्या नावाचं अन्न कुणा माणसाच्या घशाखाली जाताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

"रोज असंच खाल्लंत?" मी विचारलं.

"रोज."

"चांगलं लागायचं का?"

मामांनी पान चुलीत घातलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तुमचा वरन फिका असतंय, बाय," ते म्हणाले. "पन एक शीत टाकला नाय."